लहान गावाच्या प्लॅनिंगला पहिल्यांदा निघालेल्या आर्किटेक्चरच्या पोरांसाठी

दरवर्षी स्टुडिओला, म्हणजे कॉलेजातल्या डिझाइनच्या विषयाला, अभ्यासासाठी गाव मिळालं की ज्युनियर्सचे फोन सुरू होतात, ताई आम्हाला सांगोला मिळालंय, ताई आम्हाला दुधनी, आता पहिल्या दिवशी कुणाला भेटायचं, काय काय घेऊन जायचं, लोक बोलतात का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. मी सोलापुरातच बी आर्क केलं, विद्यार्थी असताना दोन गावांत काम केलं आणि पास झाल्यावरही सुट्टी काढून पोरांबरोबर जाते, त्यामुळे जे लिहितेय ते बहुतेक सगळं चुका करून शिकलेलं आहे.

लहान गावंच का? सोलापूर शहराला महापालिका आहे, २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांच्या यादीत नाव होतं, कन्सल्टंट लोकांची ये-जा असते. मैंदर्गी, करमाळा, कुर्डुवाडी, माढा, वैराग, जिल्ह्यातल्या या गावांत कोण येतं? नगरपरिषदेत एखाददुसरा इंजिनियर असतो, त्याच्याकडेच पाणी, त्याच्याकडेच रस्ते आणि त्याच्याकडेच बांधकाम परवानग्या, मग २० वर्षांनी गाव कुठल्या दिशेला वाढेल याचा विचार त्याने कधी करायचा. आणि मोहोळ, माळशिरस, नातेपुते असली गावं तर आत्ता आत्तापर्यंत ग्रामपंचायतीच होत्या. तिथं तुमची ३० जणांची बॅच आठ दिवस गल्लीगल्लीत फिरली तर खरंच उपयोगी काम होतं, मार्कांपुरतं नाही.

आधी डीपी काय असतो ते समजून घ्या

निघायच्या आधी एक संध्याकाळ यासाठी द्याच. आपल्याकडे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आहे, ऑफिसात सगळे एमआरटीपी म्हणतात. त्याप्रमाणे नगरपरिषद आधी विकास आराखडा, म्हणजेच डीपी, करायचा इरादा जाहीर करते, मग सध्या कुठली जमीन कशाला वापरतात त्याचा नकाशा होतो, त्याला ईएलयू म्हणतात, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, त्यावर लोकांच्या हरकती-सूचना येतात, सुनावणी होते आणि शेवटी सरकार मंजुरी देतं. साधारण २० वर्षांचा हिशोब धरलेला असतो. गार्डन, शाळा, पार्किंग, भाजी मंडई असल्या सार्वजनिक कामांसाठी जागा राखून ठेवतात ती आरक्षणं त्यातच पडतात, आणि आरक्षण पडलं पण १० वर्षांत जागा घेतली नाही तर कलम १२७ खाली जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत काही झालं नाही तर आरक्षण उठतं. घर कसं बांधायचं, किती जागा सोडायची त्याचे नियम डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आहेत.

हे सगळं कशाला सांगतेय, तर तुम्ही जे करणार ते डीपी नाही. ती अभ्यासाची ड्रॉइंग्ज आहेत. हे तुम्हाला माहीत असतं पण गावाला माहीत नसतं.

आमच्याकडून काय झालं ते सांगते. आमच्यातल्या एकाने प्रस्तावात ओढ्याच्या कडेला मस्त हिरवा पट्टा दाखवला होता, शीट शाळेच्या हॉलमध्ये लावली, दोन दिवसांनी एक काका आणि त्यांचा मुलगा सातबारा घेऊन थेट कॉलेजवर. साहेब आमच्या विहिरीवर बगीचा पडला म्हणतात गावात, आमची जमीन गेली का. त्या काकांचा हात थरथरत होता. त्यांना शांत करायला अर्धा दिवस गेला, आणि गावात ती अफवा पुढे किती दिवस फिरली असेल कुणास ठाऊक. तेव्हापासून प्रत्येक शीटवर वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहितो, "हा विद्यार्थ्यांचा अभ्यास आहे. हा विकास आराखडा नाही. यामुळे कुणाच्याही जमिनीवर आरक्षण पडत नाही." कोपऱ्यात बारीक नाही, वर, मोठ्ठं. तुम्हीही तसंच करा.

पत्र आणि तारीख

कॉलेजच्या लेटरहेडवर नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र. त्यात किती मुलं, किती दिवस, बरोबर कोण सर किंवा मॅडम, नगरपरिषदेकडून पैसे नकोत हे स्पष्ट, आणि शेवटी आम्ही तुम्हाला काय काय देणार ते. हे शेवटचं पोरं विसरतात. पत्र आवक-जावकला द्या, आपल्या कॉपीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या, तो नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, कारण पुढच्या वेळी गेलात की पहिला प्रश्न तोच येतो.

तारखा निवडताना जरा डोकं लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा स्टाफ घरपट्टी पाणीपट्टीच्या वसुलीत असतो, तेव्हा कुणी तुमच्यासाठी कपाट उघडत बसणार नाही. आचारसंहिता लागली असेल तर गावात सभा-बिभा घेण्याच्या भानगडीत पडू नका. पंढरपूर असेल तर आषाढीच्या दिवसांत ऑफिसमध्ये काम होणार नाही, पण गाव मात्र तेव्हाच बघायचं असतं, एरवी २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं गाव त्या दिवसांत कित्येक लाख माणसं कशी सांभाळतं, ६५ एकर म्हणतात त्या वारकऱ्यांच्या तळावर तंबू कसे पडतात, पाण्याच्या टँकरची रांग कुठं लागते, हे कार्तिकी-आषाढीशिवाय कळणार नाही. बाकी गावांना नोव्हेंबर ते जानेवारी बेस्ट. एप्रिल-मेमध्ये जावंच लागलं तर सकाळी ७ ते ११, नंतर सावली धरायची, आपल्याकडचं ऊन चेष्टेचं नाही, दरवर्षी एखाद्याला चक्कर येतेच.

पहिला दिवस: टेप, लॅपटॉप, ड्रोन काहीच न्यायचं नाही

नुसतं फिरायचं. एसटी स्टँडवर उतरायचं, चहा प्यायचा, शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोर उभं राहायचं. शक्यतो पहिला दिवस आठवडी बाजाराचा धरा, कारण बाजाराच्या दिवशी गावाचा खरा नकाशा दिसतो, शेजारची कुठली खेडी या गावावर अवलंबून आहेत, जीपगाड्या कुठं थांबतात, बायका कुठं बसतात. सांगोल्याला गेलात तर रविवारचा जनावरांचा बाजार बघाच. तिथं एक गोष्ट कळते, नकाशावर जी जागा "रिकामी" दिसते ती रिकामी नसते. आपल्याच शहरातलं होम मैदान घ्या ना, सॅटेलाइट इमेजवर नुसतं मोकळं पटांगण, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला तिथंच गड्डा, म्हणजे आपली मोठी जत्रा भरते. बाहेरचा कुणी डिझायनर त्यावर लॉन आणि कारंजं काढेल, सोलापूरचा माणूस काढणार नाही. तसंच प्रत्येक गावात एक होम मैदान असतं, तुमच्या गावातलं कुठलं ते आधी शोधा.

भाषेचं पण बघा. अक्कलकोट, दुधनी, मैंदर्गी, दक्षिण सोलापूरच्या बऱ्याच भागात घरात कन्नड बोलतात. टीममध्ये कन्नड येणारं एकतरी पोरगं हवंच, आणि त्याला फक्त भाषांतराला जुंपू नका, त्यालाच बोलू द्या. आजीबाईंशी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलली की आतल्या अंगणात पाट मांडला जातो.

मुलींसाठी एक, अगदी प्रॅक्टिकल. पहिल्याच तासात बायकांसाठी स्वच्छतागृह कुठंय ते शोधा. सापडलं, बंद आहे, कुलूप आहे, पाणी नाही, जे असेल ते नकाशावर पहिल्यांदा टाका. आम्ही एका बाजारपेठेत चार तास शोधत होतो आणि शेवटी एका शिलाईवाल्या मावशींनी त्यांच्या घरी नेलं. मावशी म्हणाल्या, बाजाराला येणाऱ्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आमच्या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच होती, आणि ती कुठल्या सर्व्हे फॉर्ममधून आली नव्हती.

लोकांना काय विचारायचं

"तुमच्या गावाला काय पाहिजे?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं, रस्ता, गटार, पाणी. खरं असतं ते, पण त्यातून डिझाइन करायला काही हाती लागत नाही. त्यापेक्षा असं विचारा, काल सकाळी उठल्यापासून कुठं कुठं गेलात? नळाला पाणी किती दिवसांनी येतं, आणि आलं की घरात कोण थांबतं? पोरगी बारावीनंतर कॉलेजला कशी जाणार, कुठल्या एसटीने, परत यायला किती वाजतात? जोराचा पाऊस झाला की पाणी कुठंपर्यंत चढतं, भिंतीवर दाखवाल का? दाखवतात. बोट लावून दाखवतात, आणि तिथं तुम्ही खडूने रेघ मारून टेप लावली की तो खरा डेटा.

आणि चौकात चहा पाजणाऱ्यांशीच बोलून परत येऊ नका. हे मी कळकळीने सांगतेय. पहिल्या दिवशी तुम्हाला जे भेटतात ते बहुतेक पुरुष, दुकानदार, पुढारी आणि त्यांच्या मागेपुढे करणारे. प्रत्येक वस्तीत जायचं, गावाच्या कडेच्या वस्तीत सगळ्यात आधी. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, बचत गटाच्या बायका यांना विचारा, गावातलं प्रत्येक घर त्यांना पाठ असतं. मंगळवेढ्याला गेलात तर आठवा, चोखोबा तिथं गावकुसाच्या कामावर होते आणि ती भिंत कोसळूनच गेले असं परंपरा सांगते. ज्यांनी गावकूस बांधलं त्यांना गावकुसाच्या आत घर नव्हतं. आजही बऱ्याच गावांत पाण्याची लाइन कुठं संपते ते बघत चला, ती त्याच जुन्या रेघेपाशी संपते.

नकाशा बनवणं

आता टेप काढा. बेस मॅप तीन ठिकाणांहून जुळवायचा, नगरपरिषदेकडे असलेला जुना डीपी, भूमी अभिलेख कार्यालयातले सिटी सर्व्हेचे नकाशे आणि सॅटेलाइट इमेज. तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत, घाबरू नका. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लायब्ररीत बसून दोन दिवसांत बेसिक येतं. १:१००० ला प्रिंट काढा, गावाचे तुकडे पाडा, दोघादोघांच्या जोड्या, पॅडवर कागद आणि रंगीत पेन्सिली. रहिवास पिवळा, दुकानं निळी, कारखाने जांभळे, हे ठरलेले रंग आहेत, आपल्या मनाचे काढू नका नाहीतर नगररचना ऑफिसातल्या माणसाला वाचता येणार नाही. मजल्याप्रमाणे वापर लिहा, खाली किराणा आणि वर घर असं.

रुंदी मोजताना एक सवय लावून घ्या. एका गल्लीत आमच्या टेपवर भिंत ते भिंत तीन मीटर आलं, आम्ही तीन लिहून पुढे निघालो तर ओट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, पोरांनो परत मोजा, हे निळे बॅरल धरून मोजा. दोन्ही बाजूला दारासमोर पाण्याचे बॅरल, त्याच्या पुढे मोटरसायकली, ओट्याच्या पायऱ्या. परत मोजलं तर चालायला दीड मीटरसुद्धा नव्हता. आजोबा म्हणाले, "त्या कोपऱ्यावर तिरडी वळत नाही, हातावर उचलून उभी करावी लागते." रस्त्याची रुंदी हा विषय मला कॉलेजात कुणी इतका समजावला नव्हता. आणि ते बॅरल तिथं का आहेत, तर पाणी रोज येत नाही म्हणून. म्हणजे त्या गल्लीचा रस्ता रुंद करायचा उपाय घरं पाडणं नाहीच, पाणी नियमित करणं हा आहे. म्हणून नेहमी दोन आकडे लिहा, भिंत ते भिंत आणि प्रत्यक्ष चालायला.

जुन्या घरांकडे "मोडकी घरं" म्हणून बघू नका. आपल्या भागातलं माळवदाचं घर एकदा नीट मोजून काढाच, खणाचा हिशोब समजून घ्या, तुळया, त्यावर लाकडी किलचा, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, पाणी जायला पन्हाळ, मधल्या घरात उजेडाला वर ठेवलेलं साणं. मे महिन्यात दुपारी माळवदाखाली बसा आणि लगेच शेजारच्या स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली जाऊन बसा, पुढचं लेक्चर लागत नाही. पण त्याचबरोबर घरमालकाला हेही विचारा की दरवर्षी माती टाकायला माणूस मिळतो का, किती खर्च येतो, भिंत फुगली की काय करता. त्यांना स्लॅब का हवाय ते ऐकून घेतल्याशिवाय हेरिटेज हेरिटेज करू नका, कारण पावसात गळणाऱ्या घरात रात्र काढणारी माणसं ती आहेत, आपण संध्याकाळच्या गाडीने परत येणार.

फोटो विचारून. नकाशावर घरमालकांची नावं नकोत. आणि "अतिक्रमण" हा शब्द नकाशावर लिहू नका, प्लीज. तुम्हाला ते कायद्याने ठरवता येत नाही, आणि तुमचा कागद उद्या कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. काय दिसतं ते लिहा, भाजीची टपरी, चपलांचं दुकान, जनावरांचा गोठा.

गावासमोर नकाशा ठेवणं

हे सगळ्यात भारी काम आणि सगळ्यात जास्त घाबरवणारं. नगरपरिषदेच्या सभागृहात ठेवलं तर ठरलेलीच माणसं येतात, त्यामुळे देवळाचा सभामंडप, शाळा, नाहीतर सरळ बाजारात. प्रेझेंटेशन, प्रोजेक्टर नको. गावाचा नकाशा जमेल तेवढा मोठा प्रिंट करून मध्ये ठेवायचा आणि आपण गप्प बसायचं. पहिली दहा मिनिटं प्रत्येकजण स्वतःचं घर शोधतो, ते शोधू द्या, घर सापडलं की माणूस बोलायला लागतो.

आम्ही पहिल्यांदा नकाशा जमिनीवर अंथरला होता, लोकांना वरून चालता येईल म्हणून. पुरुष आणि पोरं चपला काढून आली, पण एक आजी कडेलाच उभ्या. या ना आजी म्हटलं तर म्हणाल्या, "देऊळ हाय की त्यात, पाय कसा ठिऊ." आम्ही तिथल्या तिथं चार बाक जोडून नकाशा वर उचलून ठेवला, मग आजी आल्या आणि त्यांनी बुजलेली एक बारव दाखवली जी आमच्या एकाही नकाशात नव्हती. तेव्हापासून नकाशा बाकावरच.

मत नोंदवायला महागडे स्टिकर लागत नाहीत. बांगड्यांच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणा, लाल टिकली म्हणजे इथं त्रास, हिरवी म्हणजे ही जागा जपा. लिहिता वाचता न येणारं माणूसही टिकली लावतं, आणि बायका तर लगेच पुढे येतात. संध्याकाळी नकाशाचा फोटो काढून टिकल्या मोजा, कुणी लावल्या तेही बाजूला वहीत टिपत जा, बाई-पुरुष, साधारण वय, कुठली वस्ती. नाहीतर पाच उत्साही पोरं सगळ्या टिकल्या क्रिकेटच्या ग्राउंडवर लावून जातात.

प्रस्ताव

तीन थरांत करा. पहिला, या महिन्यात गावाला स्वतःहून करता येईल असं, थांब्यावर सावली, बारवेतला गाळ, शाळेसमोर पट्टे. दुसरा, नगरपरिषदेच्या एका वर्षाच्या बजेटमध्ये बसणारं. तिसरा, २० वर्षांचा, गाव कुठल्या बाजूला वाढू द्यायचं, कुठला ओढा मोकळा ठेवायचा, पाणी कुठून. दुसऱ्या थराला अंदाजपत्रक जोडा, बांधकाम खात्याच्या दरसूचीवरून, डीएसआर म्हणतात त्याला, आणि पैसा कुठल्या हेडमधून येऊ शकतो ते इंजिनियर साहेबांनाच विचारा, वित्त आयोग, नगरोत्थान, जिल्हा नियोजन, त्यांना ते तोंडपाठ असतं. आकडा जोडलेली एक साधी शीट त्यांच्या टेबलावर टिकते. पामची झाडं लावलेला रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं देखणं चित्र, टिकत नाही, आणि आपल्या तुटपुंज्या पावसात ती झाडंही टिकत नाहीत.

गावाचं स्वतःचं काय आहे त्यावर बांधा. कुर्डुवाडी रेल्वेने घडवलेलं गाव आहे, १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरो गेज तिथून बार्शीला सुरू झाली, तर तिथं स्टेशन आणि गाव यांच्यामधल्या जागेपासून सुरुवात करा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय टॅग आहे, मग सुगीच्या दिवसांत ज्वारी उतरते कुठं, वाळते कुठं, ट्रक फिरतात कसे, हे बघितल्याशिवाय तिथला रस्ता काढू नका.

परत देणं

ज्युरी, म्हणजे कॉलेजातलं शेवटचं परीक्षण झालं की शीट्स कॉलेजच्या कपाटावर जातात, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. माणसांनी दारं उघडून दाखवलं, वेळ दिला, जेवायला वाढलं, आणि त्यांना कागद दिसतही नाही. त्यामुळे आधीच ठरवा, मराठीत एक ए थ्री पुस्तिका, सोप्या भाषेत, एक प्रत नगरपरिषदेला आवक नंबर घेऊन, एक गावच्या वाचनालयात, एक शाळेत, आणि सगळ्या फाइल्स पेनड्राइव्हवर इंजिनियरकडे. कन्नड बोलणाऱ्या गावात निदान मुख्य दोन पानं कन्नडमध्ये.

त्याहून उपयोगी एक काम आहे, फार कमी बॅच करतात. त्या गावाचा प्रारूप डीपी प्रसिद्ध झाला की दोन दिवस जाऊन बसा आणि लोकांना तो वाचायला मदत करा. रंगांचा अर्थ, आपला गट नंबर कुठला, घरावरून रस्ता जातोय का. हरकत लेखी द्यायची, त्यात गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, नेमकं काय चुकलंय, त्याऐवजी काय करता येईल आणि शक्य झालं तर एक छोटं स्केच, मुदत जाहिरातीत दिलेली असते ती चुकवायची नाही, आणि पोच घ्यायचीच. सुनावणीला बोलावलं तर त्या माणसाने स्वतः बोलावं, तुम्ही बाजूला नकाशा धरून उभे राहा.

आणि दरवर्षी नवीन गाव घेऊ नका. अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न युनिव्हर्सिटीचा रूरल स्टुडिओ १९९३ ला सुरू झाला, तो अजून त्याच भागात, न्यूबर्नसारख्या छोट्या गावात काम करतोय, आधीच्या बॅचने केलेल्या चुका पुढच्या बॅचला रोज समोर दिसतात. आपल्याला निदान तीन-चार वर्षं एका गावात राहायला काय हरकत आहे. सर तयार होतात, मी दोन ठिकाणी बघितलंय, फक्त आधीच्या बॅचने सामान नीट द्यायला हवं. बेस मॅपची एडिट होणारी फाइल, टिकल्यांचे फोटो, पत्रांच्या पोचा, आणि एक साधी वही, ज्यात कुणाला काय शब्द दिलाय ते लिहिलेलं असेल. शिलाईवाल्या मावशींना पुस्तिका द्यायची आहे, आजोबांच्या गल्लीत पावसाळ्यात परत यायचं आहे, असं. आणि खडूच्या त्या रेघा कुठल्या कुठल्या भिंतीवर मारल्या होत्या त्याची यादी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघांनी जायचं आणि पाणी रेघेच्या वर गेलं की खाली राहिलं ते मोजून यायचं.